खगोल मंडळात नवे आलात? पहिलं वर्ष असं घालवा

“दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?” मंडळात नव्याने येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर: एवढ्यात कोणतीच नको. मंडळाकडे आणि सभासदांकडे दुर्बिणी असतात आणि दाखवायला ती मंडळी उत्सुकच असतात. पहिलं वर्ष त्यांच्या दुर्बिणींना डोळा लावा, नुसत्या डोळ्यांनी आकाश पाठ करा आणि पडेल ते काम करा. वर्षभरानंतर हा प्रश्न तुम्ही विचाराल तेव्हा अर्धं उत्तर तुमच्याकडेच असेल.

कुठे जायचं

पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ साली स्थापन झालेली ही देशातली सर्वांत जुनी हौशी खगोलसंस्था टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरातून चालते. मुंबईत ‘खगोल मंडळ’ याच नावाची संस्था आहे. हॅलेचा धूमकेतू येऊ घातला होता, त्या सुमारास ते उभं राहिलं. त्यांची वांगणीची रात्रभराची आकाशदर्शनं मध्य रेल्वेवरच्या कित्येक पिढ्यांना माहीत आहेत. कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही संस्था पणजीत सार्वजनिक वेधशाळा चालवते. इतर शहरांत तारांगण, विज्ञान केंद्र, मराठी विज्ञान परिषदेची शाखा किंवा कॉलेजचा भौतिकशास्त्र विभाग इथे चौकशी केली की धागा मिळतो.

पहिल्या फोनवर हे विचारून घ्या: पुढचं आकाशदर्शन कधी, रात्रभराचं की दोन-तीन तासांचं, शुल्कात जेवण-चहा धरलाय का, जायची-यायची सोय कोणाची, ढग आले तर पैशांचं काय, आणि मुक्कामाच्या जागी स्वच्छतागृह आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग पहाटे तीन वाजता त्यांची पंचाईत होते. मुलं अठरा वर्षांखालची असतील तर पालकांचं संमतिपत्र लागतं का, हेही विचारा. इथे पत्रिका बघून मिळत नाही, ते विचारू नका.

आधी दिनदर्शिका उघडा

कुठल्याही खगोल मंडळाचं वर्ष चंद्रावर चालतं. त्यामुळे भिंतीवरची तिथींची दिनदर्शिका हे तुमचं पहिलं उपकरण. चंद्र आकाशात असला की त्याच्या उजेडात तेजोमेघ, दीर्घिका, आकाशगंगेचा पट्टा हे सगळं पुसलं जातं. म्हणून मोठी आकाशदर्शनं अमावास्येच्या जवळच्या शनिवारी असतात. अमावास्येच्या रात्री पोरगी माळावर जाऊन झोपणार, हे घरी पटवणं हा ज्याचा-त्याचा प्रश्न.

तिथीवरून अंधाराचा हिशोब असा करतात. शुद्ध चतुर्थीचा चंद्र रात्री नऊ-साडेनवाच्या सुमारास मावळतो, शुद्ध अष्टमीचा साधारण मध्यरात्री. वद्य अष्टमीचा मध्यरात्री उगवतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत छापलेलीच असते. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने आपल्याकडे पूर्ण अंधार पडतो. तिथपासून चंद्रोदयापर्यंतचा वेळ तुमचा. घराजवळच्या सरावाला एवढा वेळ पुष्कळ झाला.

खुद्द चंद्र बघायचा असेल तर पौर्णिमेला येऊ नका. पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि दुर्बिणीत नुसती डोळे दिपवणारी थाळी दिसते. शुद्ध पंचमी ते दशमीच्या दरम्यान उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर बघा. तिथे विवरांच्या कडांच्या लांबच लांब सावल्या पडलेल्या असतात. शाळांमधले आणि चौकातले कार्यक्रम मंडळं याच तिथींना ठेवतात.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आकाशदर्शन बंद. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असली तरी दक्षिणेचं आकाश त्याची भरपाई करतं.

पिशवीत काय

सतरंजी किंवा पातळ चटई, पांघरूण, कानटोपी, पायमोजे, बंद बूट. डिसेंबरात सह्याद्रीच्या पायथ्याला पहाटे दव इतकं पडतं की उघडी सतरंजी पिळून काढावी लागते, म्हणून खाली अंथरायला प्लॅस्टिकचा एक मोठा तुकडा घ्या. हालचाल न करता बसलं की थंडी वाटते त्याहून जास्त लागते. चालायला पुरतो त्यापेक्षा एक कपडा जास्त ठेवा. बूट बंदच हवेत. माळरानावर साप-विंचू असतात आणि अंधारात तुम्ही बॅटरी लावणार नसता.

बॅटरी लावायची झालीच तर लाल. साध्या टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे तीन-चार थर रबरबँडने बसवा. मखराच्या सामानात तो मिळतो. थर कमी पडले की प्रकाश गुलाबी येतो आणि गुलाबी उजेड पांढऱ्याइतकाच त्रासदायक. तळहातापासून वीतभर अंतरावर धरून हातावरच्या रेषा जेमतेम दिसाव्यात, इतपत उजेड पुरे.

हे सगळं कशासाठी? अंधारात डोळ्याची बाहुली तर मिनिटाभरात मोठी होते, पण दृष्टिपटलावरचं मंद प्रकाश टिपणारं रसायन तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या उजेडाची एक तिरीप आली की ते काही सेकंदांत खर्ची पडतं आणि पुन्हा अर्धा तास मोजायचा. मंद प्रकाश पाहणाऱ्या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ जाणवत नाही, म्हणून लाल चालतो. मोबाइलचा ‘नाइट मोड’ पुरेसा नाही. आकाशाच्या अ‍ॅपमधला लाल मोड लावा, उजेड तळाला न्या आणि नोटिफिकेशन बंद करा. लाल केलेल्या स्क्रीनवर व्हॉट्सअ‍ॅपचा पांढरा चौकोन उगवतो आणि चाळीस लोकांच्या डोळ्यांची वाट लागते.

मैदानावर पोचल्यावर

सूर्यास्ताच्या आत पोचा. उजेडात तीन गोष्टी बघून ठेवा: खड्डे आणि दगड कुठे आहेत, दुर्बिणींच्या वायरी आणि ट्रायपॉडचे पाय कुठे आहेत, आणि उत्तर कुठली. गाडीने आलात तर गाडी बाहेर जाण्याच्या दिशेला तोंड करून लावा. रात्री लवकर निघायचं झालं तर रिव्हर्सचा पांढरा दिवा मैदानावर पडत नाही. डिकीतला आणि दारातला दिवा बंद करता येत असेल तर आत्ताच करा. नाहीतर रात्री लागेल ते सामान आधीच बाहेर काढा. दूरच्या चावीने गाडी लॉक केली की चारही इंडिकेटर लखलखतात, हे चालकाच्या गावीही नसतं.

डास पळवायचं मलम लावलंत तर हात पुसून, शक्यतो धुऊनच दुर्बिणीजवळ जा. त्यातल्या रसायनाने प्लॅस्टिक आणि काही लेप खराब होतात. डोळ्यात काजळ असेल तर पुसून या. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, काचेवर उमटणारा काळा तेलकट अर्धचंद्र हा प्रत्येक दुर्बीणवाल्याचा कायमचा वैताग आहे. तो फुंकर मारून जात नाही आणि पुढच्या तीस जणांना शनीभोवती धुकं दिसतं.

रांगेत तुमचा नंबर आला की दोन्ही हात पाठीमागे. गंमत म्हणून सांगत नाही, कारण साधं आहे. माणूस आयपीस कपासारखा धरतो, नळी हलते आणि गुरू दृश्यातून निघून जातो. मंडळांत सर्वांत जास्त असतात त्या डॉब्सोनियन दुर्बिणींना मोटर नसते. लाकडी खोक्यावर नळी हाताने फिरवायची. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं. १२० पट वर्धनाला साध्या आयपीसमधून जेमतेम २५ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं कमी आकाश दिसतं. गुरू एका कडेला आणून ठेवला तर दीड-पावणेदोन मिनिटांत दुसऱ्या कडेने बाहेर. तेवढ्यात चार-पाच जणांचं बघून व्हायला हवं. तुमच्या वेळी काही दिसलं नाही तर “हो, दिसलं” म्हणून पुढे जाऊ नका. “गेला वाटतं” एवढं म्हणा, दुर्बीणवाला परत आणून देईल.

डोळा आयपीसला चिकटवायचा नाही. पाऊण इंच मागून हळूहळू पुढे न्यायचा. काळ्यात एक उजेडाचं वर्तुळ दिसतं, ते पूर्ण भरलं की थांबायचं. चष्मा फक्त जवळच्या किंवा लांबच्या नंबरचा असेल तर काढून बघा आणि फोकस फिरवू का, असं विचारा. तिरकस नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवा, कारण तो दोष फोकसने जात नाही.

फोटोंतले लाल-निळे तेजोमेघ दिसायचे नाहीत. इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळतच नाहीत. मृगातला एम ४२ हा तेजोमेघ (‘एम’ म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) राखाडी दिसतो, फार तर हिरवट. एम ३१, म्हणजे देवयानी दीर्घिका, एक लांबट धुरकट डाग. त्या डागातून डोळ्यात येणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, ही माहिती डोळ्याला नाही, डोक्याला दिसते. अशा मंद गोष्टींकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. मंद प्रकाशाच्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यावर नाहीतच, भोवताली आहेत. तिरकी नजर केली की डाग दुपटीने मोठा होतो, नवख्यालाही पहिल्या पाच मिनिटांत हे जमतं. शनीची कडी बारीक दिसली म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नका; मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला बरोबर कडेने होती आणि आता कुठे हळूहळू उघडत आहेत.

आकाश पाठ करण्याची रीत

पहिल्या तीन महिन्यांत दहा तारे आणि सहा आकृत्या. बस. हिवाळ्यात सुरुवात मृगापासून करा, कारण ती आकृती चुकत नाही. मधले तीन तारे म्हणजे बाण. त्याची रेघ आग्नेयेला वाढवली की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. उलट बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. एका रेघेत तीन ओळखी झाल्या. एप्रिलमध्ये सप्तर्षी घ्या. चौकोनाच्या पुढच्या कडेचे पुलह आणि क्रतु हे तारे जोडून ती रेघ क्रतूच्या बाजूला पाचपट वाढवली की ध्रुव. शेपटीची कमान तशीच वळवत नेली की नारिंगी स्वाती आणि पुढे पांढरी चित्रा. शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. नजर बरी असेल तर दोन्ही सुटे दिसतात. दुर्बिणीतून बघाल तर खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो.

मोजमापाला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटा: करंगळीची जाडी साधारण १ अंश, मूठ १० अंश, ताणलेली वीत २० अंशांच्या आसपास. ध्रुवाची क्षितिजापासून उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. पुण्यात साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस, पणजीत साडेपंधरा. म्हणजे जेमतेम दीड-दोन मुठी. ध्रुव मंद आहे, शिवाय धुळीत आणि शहराच्या झगमगाटात इतका खाली आहे. “ध्रुव दिसतच नाही” ही तक्रार बहुतेक वेळा डोक्यावर शोधल्यामुळे येते.

इतक्या दक्षिणेला राहण्याचा फायदाही आहे आणि युरोपात बसून लिहिलेल्या पुस्तकांत तो सापडत नाही. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला दोन मुठींवर अगस्ती असतो. मेच्या मध्यावर साडेनवाला अगदी क्षितिजालगत त्रिशंकूचा क्रॉस उभा राहतो. त्यानंतर तासाभराने ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ २४ अंशांवर येतो. लंडनवाल्याला तो कधीच दिसत नाही. यासाठी दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा लागते. त्या दिशेला शहर असेल तर सगळंच गेलं.

नकाशात नवखा हमखास एका ठिकाणी अडकतो. आकाशाच्या गोल नकाशात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे छापलेली असते. जमिनीच्या नकाशाच्या सवयीने तो मांडीवर ठेवला की सगळं उलटं. नकाशा डोक्यावर आडवा धरून उत्तर उत्तरेला लावा, पूर्व आपोआप पूर्वेला जाते. नाहीतर ज्या दिशेला तोंड आहे ती कड खाली धरून वाचा. ‘स्टेलॅरियम’ हा संगणकावरचा प्रोग्राम फुकट आहे. घरी त्यात गाव आणि वेळ घालून आजचं आकाश बघून ठेवावं. मैदानावर मात्र मोबाइल आकाशाकडे रोखून “हा कुठला?” करत बसू नका. नाव कळतं, पण लक्षात काही राहत नाही.

अंधार कुठे मिळेल? मंडळांच्या ठरलेल्या जागा असतात आणि गावकऱ्यांशी संबंध जुने असतात. स्वतः शोधायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. अनोळखी माळावर रात्री गाडी थांबली की गावात शंका येते आणि तीही रास्त असते. खरोखर काळं आकाश बघायचं असेल तर पेंचला जा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे.

वही

एक दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन थंडीत आणि दवात दगा देतं. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती, उपकरण, वर्धन, काय दिसलं. मध्यरात्रीनंतर तारखेचा घोळ होतो, म्हणून रात्र दोन तारखांनी लिहायची पद्धत आहे: १३/१४ डिसेंबर. आकाशाची स्थिती “छान” अशी लिहू नका. हिवाळ्यात कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता आले ते लिहा. सहा म्हणजे ठीक, सात-आठ म्हणजे उत्तम, चार म्हणजे शहर.

चित्र काढायला पाच-सहा सेंटीमीटरचं वर्तुळ, त्यात आधी ठळक तारे, मग डाग, कडा बोटाने पुसून. चित्रकला येत नाही ही सबब चालत नाही. चित्र काढताना दहा मिनिटं बघावं लागतं, आणि दहाव्या मिनिटाला जे दिसतं ते पहिल्या मिनिटाला दिसत नाही, एवढ्यासाठीच तर काढायचं.

या वहीतूनच उपयोगाचं काम सुरू होतं. १३-१४ डिसेंबरला मिथुनेतल्या उल्का मोजायला चार जणांनी चार दिशांना पाय करून झोपायचं आणि पाचव्याने नोंद करायची. त्या नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे पाठवता येतात. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची तेजस्विता शेजारच्या ताऱ्यांशी ताडून लिहिली की ती १९११ पासून अशा नोंदी जमवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे जाते. दोन्हींना दुर्बीण लागत नाही.

दिवसाचंही एक काम आहे, शून्य सावलीचं. मकर आणि कर्क वृत्तांच्या दरम्यान वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुंबईत १५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. वेळ बारा नाही. मेमध्ये मुंबईला साधारण १२ वाजून ३५ मिनिटं, कारण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला. ओळंब्याने सरळ उभी केलेली एक नळी, खाली पांढरा कागद, आणि शाळेतली पोरं. जुलैची तारीख बहुधा ढगांत जाते, तेव्हा मे चुकवू नका.

सूर्य दुर्बिणीतून बघण्याबद्दल एकच नियम: गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसलेली, आणि प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून छिद्र तपासलेली. स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची काळी ‘सन’ काच येते, ती कचऱ्यात टाका. सगळी उष्णता तिथे एकवटते, काच तडकते आणि डोळा जातो. फाइंडरलाही, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाही, झाकण हवं. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ऑगस्टचे ढग हटले तर चौकाचौकांत मंडळांची माणसं लागतील, आणि गाळणीजवळ उभं राहून “हात लावू नका” म्हणणारा स्वयंसेवक लेन्सइतकाच महत्त्वाचा.

काम करा, मग शिकाल

व्याख्यानाला आले, टाळ्या वाजवल्या आणि गेले, असे लोक दोन महिन्यांत गळतात. टिकतात ते सामान उचलणारे. आधी रांग सांभाळा, मग नळी मध्यावर आणायला शिका, मग एकच गोष्ट निवडा आणि ती पाच मिनिटांत लोकांना समजावून सांगा. एम ४२ घेतलात तर तीच चार आकाशदर्शनांत सांगा. पाचव्या वेळी कोणीतरी असा प्रश्न विचारतो की घरी जाऊन वाचावं लागतं.

संध्याकाळी दुर्बिणी लावताना हजर राहा. खरं शिक्षण तिथे होतं. फाइंडर आणि मुख्य नळी एकाच ठिकाणी रोखलेली आहेत का, हे उजेड असताना दूरच्या टॉवरच्या टोकावर जुळवतात. जवळच्या झाडावर जुळवलं तर रात्री चुकतं, कारण दोन्ही नळ्यांत काही सेंटीमीटरचं अंतर आहे. आरसा आधी तासभर उघड्यावर निवायला ठेवतात. गाडीतून आलेला गरम आरसा हवा तापवतो आणि गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलतो. मग कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. एखादा तारा मध्यावर घेऊन फोकस जरा बिघडवायचा. दिसणारी कडी एककेंद्री असतील तर ठीक. एका बाजूला सरकलेली असतील तर मागचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, तारा परत मध्यावर आणायचा, पुन्हा बघायचं. एका वेळी एकच स्क्रू.

मार्चमधल्या अमावास्येला मेसिए मॅरेथॉन असते: संध्याकाळपासून पहाटेपर्यंत यादीतले ११० पदार्थ शोधायचे. पहिल्या वर्षी त्यात नोंदणारा म्हणून बसा. शोधणाऱ्याचे डोळे दुर्बिणीला, तुमचा लाल टॉर्च यादीवर. एम ७४ आणि एम ७७ संधिप्रकाशात हातचे कसे जातात, पहाटे एम ३० कसा सतावतो, हे एका रात्रीत कळतं.

आता खरेदी

पहिली खरेदी १०×५० किंवा ७×५० चा द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर. पहिला आकडा वर्धन, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानातच तपासा. हात लांब करून उजेडाकडे धरा आणि आयपीसमधली उजेडाची बाहुली बघा: गोल हवी. चौकोनी, कडा कापलेली दिसली तर आतले लोलक हलक्या प्रतीचे आहेत. मग लांबचा फलक बघा. दोन प्रतिमा एक व्हायला डोळ्यांना जोर लागत असेल तर तो नग सोडा. डावा डोळा मधल्या चाकाने, उजवा आयपीसवरच्या कड्याने फोकस करायचा. पन्नासवाला द्विनेत्री किलोभर भरतो, उभ्याने धरला की तारे नाचतात. सतरंजीवर पडून, कोपर छातीला टेकवून बघा.

दुर्बीण घ्यायचीच झाली तर सहा इंची डॉब्सोनियन. १२०० मिलिमीटर नाभी अंतर (आरशापासून प्रतिमा जमते तिथवरचं), २५ मिलिमीटरचं आयपीस लावलं की ४८ पट, १० चं लावलं की १२० पट. नाभी अंतर भागिले आयपीस, एवढाच हिशोब. खोक्यावर “५२५ पट” छापलेल्या साठ मिलिमीटरच्या खेळण्यांपासून लांब राहा. इंचाला पन्नास पट ही वरची मर्यादा, म्हणजे तिला जेमतेम १२० पेलतात, आणि तेही तिचा ट्रायपॉड वाऱ्याने हलला नाही तर. ११४ मिलिमीटर व्यास आणि १००० नाभी अंतर असं लिहून नळी मात्र हातभर लांबीची असेल, तर फोकसरच्या पोटात एक जादा भिंग दडवलेलं आहे. अशी दुर्बीण कॉलिमेट करताना भले भले रडतात. आणि विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या आसावर फिरणारी बैठक, घेताना विक्रेत्याला विचारा की १८ अंशांवर बसतो का. ते उत्तरेकडच्या देशांसाठी बनतात. आपल्या अक्षांशाला आणताना कित्येकांच्या काउंटरवेटची दांडी ट्रायपॉडच्या पायाला आडवते.

जुनी दुर्बीण सभासदाकडून मिळाली तर नवीपेक्षा चांगली. आरशावर टॉर्च तिरपा मारून बघा. टाचणीएवढी छिद्रं आणि थोडी धूळ चालते. कोळिष्टकासारखी बुरशी किंवा कडेने सुटलेला लेप असेल तर पुन्हा लेप देण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

पावसाळ्यात

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने काचेचे शत्रू. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करा. चामड्याची किंवा फोमची मूळ पेटी नको, ओल तीच धरते. आरसा रुमालाने पुसायचा नाही, कधीच. फार मळला तर डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा नुसता ओढत न्यायचा, दाब द्यायचा नाही, आणि उभा करून निथळू द्यायचा.

याच महिन्यांत काही ठिकाणी आरसा घासण्याच्या कार्यशाळा होतात. संधी मिळाली तर सोडू नका. १५० मिलिमीटर व्यासाच्या दोन जाड काचा, एक खाली, एक वर, मध्ये ८० नंबरची कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची मागेपुढे घासत आणि सतत थोडी थोडी फिरवत राहिलं की ती आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. १२०० नाभी अंतरासाठी मध्यावर अवघी १.१७ मिलिमीटर खोली लागते. मग १२०, २२०, ४००, ६०० अशी पूड बारीक करत जायची आणि शेवटी पिचच्या (डांबरासारख्या पदार्थाच्या) गादीवर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. काम बिघडतं ते पूड बदलताना. आधीच्या टप्प्याचा एक दाणा नखात, बाहीत किंवा बादलीच्या काठाला राहिला तरी ६०० च्या काचेवर ओरखडा उमटतो, आणि तो काढायला दोन टप्पे मागे जावं लागतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला टेबलावरचे वर्तमानपत्र नवे, बादली नवी, नखं कापलेली. सहा इंची आणि १२०० नाभी अंतर हे माप नवख्यांना देतात, कारण या मापाला पृष्ठभाग गोलाकार राहिला, अन्वस्ताकार (पॅराबोलिक) करता आला नाही, तरी प्रतिमा चालण्याजोगी मिळते. आरसा तपासून झाला की निर्वात पेटीत त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा लेप देऊन आणतात.

ऑक्टोबरातल्या पहिल्या मोकळ्या अमावास्येआधी मंडळाचं सामान काढून वाळवायचं असतं. तारीख विचारून घ्या आणि जुने कपडे घालून जा.